तीन रात्रींचा पाहुणा, अकरा महिन्यांचा भाडेकरू

आटपाडी-खानापूर पट्ट्यातल्या माणसाला परमुलखात घर भाड्याने घेणं नवं नाही. पावसाने पाठ फिरवली की माणदेशातली पोरं गलाईच्या धंद्यात शिरायची आणि देशभरातल्या सराफ पेठांमध्ये पांगायची. जुने दागिने आटवायचे, सोनारांच्या दुकानांतला कचरा गाळायचा, त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची. पुढे दुकान, मागे भट्टी, तेजाबाचा घशाला झोंबणारा धूर आणि झोपायला वरचा माळा. पर्यटकांना ‘हेरिटेज’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कितीतरी गल्ल्यांत आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहत आली आहेत. त्याच घरांतली शिकलेली मुलं आता सुटीला जातात आणि मोबाइलवर फोटो पाहून एखाद्या जुन्या, देखण्या वस्तीतलं घर ठरवतात.

आम्हीही कुटुंबासह पणजीच्या फोंतेन्हासमध्ये असंच राहिलो. आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधली ही वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिक्वेरा नावाच्या गोवेकराने ती वसवायला सुरुवात केली; लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. तेव्हा तिथे माडांची बाग होती. गोव्याची राजधानी अधिकृतपणे पणजीत आली ती 1843 साली. परदेशी कमाईवर गावाकडे घर उठवणारा तो माणूस मला फार ओळखीचा वाटतो. विट्यापासून आटपाडीपर्यंतचे कितीतरी बंगले अशाच कमाईतून उभे आहेत.

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. लाकडी जिना, उंच छत, रस्त्यावर झुकलेला सज्जा. सकाळी पाववाल्याची सायकल यायची आणि भोंग्याचा आवाज आला की समोरच्या आजी पिशवी घेऊन दारात उभ्या राहायच्या. त्या त्याच्याशी कोकणीत बराच वेळ बोलत. आमच्या शेजारच्या दोन घरांची दारं मात्र त्या वेळी कधी उघडली नाहीत. तिथे दुपारी चाकांच्या बॅगा घेऊन नवी माणसं यायची, आधीची निघून जायची.

भाडं आपण भिंती आणि पलंगाचं देतो, पण ज्याच्यासाठी तिथवर जातो ते मालकाने एकट्याने घडवलेलं नसतं. पावसाळा सरला की घरांना पिवळा, निळा, विटकरी रंग देणारं आणि पांढरा चर्चसाठी राखून ठेवणारं, 1818 च्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलच्या सणाला एकत्र येणारं, पाववाल्याची वाट पाहणारं सारं शेजारच ती वस्ती घडवतं. कलावंतांना अशा वस्त्या आवडतात त्यामागेही हेच असतं: परवडणारं भाडं आणि सभोवती नांदतं जग. शेजार उठला की राहतो तो देखावा. फोंतेन्हासमधल्या काही घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या आहेत. त्या वाचताना मला त्या रहिवाशांचा राग आला नाही, त्यांची बाजूच पटली.

घरमालकाची अडचण खोटी नाही. गोव्याच्या पावसात कौलं, वासे, लाकडी जमीन सांभाळणं खर्चाचं काम. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने सगळ्या मुलांना वारसाहक्क आहे. त्यामुळे एका घराचे वारस पणजी, लिस्बन, टोरांटो असे विखुरलेले असू शकतात, आणि सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत घराला कुलूप. शिवाय भाडेकरू एकदा आत आला की निघणार नाही, ही भीती 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून मुरलेली. पाहुणा मात्र चौथ्या दिवशी निघतो आणि पैसे आधी भरतो. पाहुण्यांच्या पैशामुळेच काही घरं पडता पडता वाचली आहेत, हे मान्य करायलाच हवं.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. तीन रात्रींसाठी घर घेताना आम्हाला जात, धर्म, जेवण यांतलं काही कोणी विचारलं नाही. आमच्याच नात्यातला एक मुलगा पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर खोली शोधत होता, तेव्हा आडनाव, गाव, मटण खाता का, लग्न झालंय का, सगळं विचारून झालं आणि नंतर ‘कळवतो’. मुसलमान आणि दलित तरुणांना तर हे किती दारांवर ऐकावं लागतं! आटपाडीचे दलित लेखक शंकरराव खरात कुलगुरू झाले. त्यांच्याच समाजातल्या मुलांना आजही शहरात खोली मागताना आडनाव दबक्या आवाजात सांगावं लागतं. सुटीसाठी येणाऱ्याला शहर पायघड्या घालतं आणि राबायला येणाऱ्याची झडती घेतं. प्रत्येक रिकामं घर पर्यटकाकडे वळलं की या दुसऱ्या माणसाची वाट आणखी अरुंद होते.

जगातल्या काही शहरांनी यावर निर्णय घेतले आहेत. न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं यजमान स्वतः घरात राहत असेल तरच चालतं, आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने 2024 मध्ये जाहीर केलं की नोव्हेंबर 2028 पर्यंत पर्यटकांसाठीच्या फ्लॅटचे सगळे, म्हणजे दहा हजारांहून अधिक परवाने संपवायचे. बार्सिलोनाचा मार्ग मला आपल्यासाठी टोकाचा वाटतो. छपराच्या खर्चाने वाकलेल्या म्हाताऱ्या घरमालकिणीचं उत्पन्न त्यात बुडेल. न्यूयॉर्कचं तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे. ज्या घरात मालकाचं कुटुंब नांदतं, तिथल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना खुशाल द्याव्यात. बाहेरच्या गुंतवणूकदाराने गल्लीतली घरं एकामागून एक घेऊन त्यांच्या किल्ल्या नोकराच्या हाती द्याव्यात, हे थांबवावं. आणि बंद घरांच्या वारसांना दीर्घ मुदतीचा भाडेकरू ठेवायचा असेल, तर मुदत संपताच घर परत मिळेल याची हमी कायद्याने, वेळेत द्यावी. ही हमी नसेल तर मालक पाहुण्यालाच निवडणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पाहुण्यानेही घर ठरवण्याआधी फोन करून विचारावं: तुम्ही स्वतः इथे राहता का? गोव्यात पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर 1982 च्या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. मालक त्या घरात राहतो की नाही, एवढा एक रकाना त्या अर्जात असावा, आणि त्याचं उत्तर घराच्या जाहिरातीत छापणं बंधनकारक करावं.