क्षण मोठा की घडी मोठी?

हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात श्रीज्ञानेश्वर माउलींनी देवाच्या द्वारी उभे राहण्यास जो काळ नेमून दिला आहे, तो एका क्षणाचा. या एका शब्दावर आम्ही आजवर कितीतरी वेळा निरूपण केले. श्रोत्यांनी माना डोलावल्या, आणि आम्हालाही वाटे की शब्द आपल्याला कळला. तो किती कळला होता, हे एका शेतकऱ्याने आम्हाला दाखवून दिले.

गंगाखेड तालुक्यातील, म्हणजे श्रीजनाबाईंच्या जन्मभूमीतील, एका गावी सप्ताहाचे कीर्तन होते. आम्ही हाच अभंग घेतला होता. कीर्तन आटोपल्यावर मंडळी पाया पडून गेली. एक गृहस्थ मात्र खांबाला टेकून बसून राहिला. जवळ बोलावले, तेव्हा म्हणाला, "महाराज, तुमचा क्षण मोठा का घडी मोठी?"

आम्ही म्हटले, "कशाला रे बाबा ही चौकशी?"

तो म्हणाला, "माय आजारी होती. त्या राती म्हणली, घडीभर बस रं माझ्यापाशी. तवाच लाईट आली. पाळी रातचीच, पुन्हा कवा येईल नेम न्हाई. म्हणलं आलोच, मोटर चालू करून. आलो तर माय गेलेली. तुम्ही आज म्हणलात, क्षणभर उभं राहिलं तरी पुरतं. मंग मी कितीला चुकलो, तेवढं मोजून सांगा."

वाचकहो, येथे आमची विद्या आडवी आली. लहानपणी अमरकोश घोकलेला, पुढे भागवत आणि ज्योतिष पाहिलेले. आम्ही लगेच बोटे मोडून हिशेब मांडला. घडी म्हणजे घटिका, चोवीस मिनिटांची; तिच्याविषयी वाद नाही. क्षणाचे मात्र तसे नाही. श्रीमद्भागवताच्या तृतीय स्कंधात तीन निमेषांचा क्षण, पाच क्षणांची काष्ठा, पंधरा काष्ठांचे लघु आणि पंधरा लघूंची नाडिका, म्हणजेच घटिका. या मानाने एका घडीत १,१२५ क्षण बसतात, आणि एक क्षण सव्वा सेकंदाहून किंचित मोठा ठरतो. अमरकोशात बारा क्षणांचा मुहूर्त. मुहूर्त दोन घटिकांचा, म्हणून तेथे क्षण चार मिनिटांचा आणि घडीत सहा क्षण. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत तर दोन घटिकांनाच क्षण म्हटले आहे! तेथे क्षण अठ्ठेचाळीस मिनिटांचा, घडीच्या दुप्पट.

त्या गृहस्थाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजी पोथ्यांचं बी आपसात जमत न्हाई."

अहो, खरेच होते ते. याहून लहान मापे घ्या, तरी हीच गत. भास्कराचार्य निमेषाचे तीस भाग करतात, त्यास तत्पर म्हणतात. तत्पराचा शंभरावा भाग ती त्रुटी. अशा ३३,७५० त्रुटी एका सेकंदात मावतात. भागवतातील त्रुटी याच्या सोळापट मोठी. नाव एक, माप वेगळे. आजच्या विज्ञानानेही १९६७ साली सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बसवली. बुद्धी अशी आत आत जाऊ लागली की तिला तळ म्हणून लागत नाही.

मग हे सूक्ष्म काळाचे गणित व्यर्थ काय? तसे नव्हे. भास्कराचार्यांनीच दुसरे एक कोष्टक दिले आहे, ते माणसाच्या मुखाशी आणि श्वासाशी बांधलेले आहे. दहा गुरू अक्षरे उच्चारण्यास लागतो तो एक प्राण; सहा प्राणांचे एक पळ; साठ पळांची घटिका; साठ घटिकांची अहोरात्र. दिवसाचे २१,६०० प्राण होतात, आणि अजपाजपाची संख्याही तीच सांगितली आहे. प्राण चार सेकंदांचा, म्हणून एक गुरू अक्षर एका विपळाचे, सेकंदाच्या दोनपंचमांशाचे. आता 'विठ्ठल' म्हणून पहा. दोन गुरूंचा उच्चार, दोन विपळे! एका प्राणात पाच वेळा नाम सहज होते. "मला वेळच नाही हो" असे म्हणण्यास याहून जास्त विपळे लागतात. इतक्यापुरता हा हिशेब आम्हास फार उपयोगी वाटतो. तो आमची सबब काढून घेतो.

परंतु त्या माणसाला सबब नको होती. त्याला आपल्या चुकीचे वजन हवे होते, आणि ते काळाच्या तराजूत होत नाही. योगसूत्रावरील व्यासभाष्यात एक मार्मिक विचार आहे. दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. घटिका, मुहूर्त, अहोरात्र हे सारे आपल्या बुद्धीने केलेले गाठोडे आहे. खरा असतो तो समोरचा एक क्षण. याचा अर्थ असा की साठ पळे देऊन एक घडी विकत मिळते ती फक्त कागदावर. गेलेली घडी पुढच्या हजार घड्या मोजूनही परत येत नाही. आणि हेही तितकेच खरे की पुढचा क्षण मागच्या क्षणाने बाटत नाही. खट्वांग राजाला आयुष्याचा एक मुहूर्त उरल्याचे कळले. शुकाचार्य परीक्षितीला सांगतात की तेवढ्यात त्याने सर्व सोडून हरीला धरले. मागची वर्षे किती वाया गेली, हे मोजीत बसता तर मुहूर्तही गेला असता.

आम्ही त्याला म्हटले, "बाबा, चूक झाली नाही असे आम्ही म्हणत नाही. लाईट घरासाठीच गाठायची होती, मायही घरातलीच होती. पण ती चूक घडीची की क्षणाची, हे विचारू नकोस. घरी आता कोण आहे?"

"बाप हाय. डोळ्यानं दिसत न्हाई."

"काही म्हणतो का?"

तो थोडा थांबला. "म्हणतो, बस जरासा."

"मग इथे खांबाला टेकून काय करतोस?"

तो उठला, नमस्कार करून अंधारात चालता झाला. प्रसाद घ्यायलाही थांबला नाही.

तो गेल्यावर आमचाच हरिपाठ आम्हास नवा झाला. पुंडलीकाने देवाला किती वेळ थांब म्हटले होते? आईबापांची सेवा आटोपेपर्यंत. तो अवधी भागवताच्या क्षणाचा होता, अमरकोशाच्या, की भास्कराचार्यांच्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. लोक एवढेच जाणतात की त्याची अठ्ठावीस युगे झाली आणि देव अजून विटेवरच आहे. क्षणाचे युग करणारे कोष्टक कोणत्याही सिद्धांतग्रंथात नाही. ते पुंडलीकाच्या घरात आहे. ज्या घरी कोणी म्हातारे "बस जरासा" म्हणत असेल, त्या घराचा उंबरठा हेच देवाचे द्वार. तेथे उभे राहण्याचा क्षण केवढा असावा? म्हणणाऱ्याचे समाधान होईल एवढा.

हा लेख येथपर्यंत वाचण्यास आपली पंधरा-वीस पळे गेली असतील. आता अंक खाली ठेवावा, आणि आत कोणी हाक मारली होती का, ते आधी पहावे.

रामकृष्ण हरी.