दोन मोजे, दोन मापे

न्याय म्हणजे सर्वांना एकच माप, ही व्याख्या आपण लहानपणापासून मनात बाळगतो. ओझरला तर ती सहज पटावी. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला, तेव्हापासून येथील कित्येक घरांची भाकरी अचूक मापावर उभी आहे. आराखड्याशी न जुळणारा सुटा भाग बाद होतो, आणि ते योग्यच आहे.

पाऊल मात्र बाद करता येत नाही. जन्मतः आत वळलेले पाऊल आज बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत आठवड्याआठवड्याला ते हलक्या हाताने थोडेथोडे वळवून प्लास्टर घालतात, बहुतेकदा टाचेमागची ताठरलेली कंडरा सोडवतात. मग दांडीला जोडलेले बूट येतात. प्रथम तीन महिने जवळजवळ अहोरात्र, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत. दोष एकाच पायात असेल, तर ते पाऊल दुसऱ्याहून किंचित लहान व पोटरी बारीक राहते.

अशा बाळासाठी निफाडकडच्या थंडीत आजी मोजे विणायला घेते, तेव्हा सून म्हणते, "आई, दोन्ही सारखेच विणा. लोकांच्या नजरेत नको यायला." ही मायाच आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. परंतु सैल मोज्याची चुणी बुटात दुमडते, कातडी सोलवटते, बाळ रडते. मग कळवळून बूट काढून ठेवले जातात आणि पाऊल पुन्हा वळू लागते. सारखेपणाची किंमत बाळ मोजते.

लेस्बॉस बेटावरील गवंड्यांची शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे, असा दाखला अॅरिस्टॉटलने दिला आहे. नियमाच्या अक्षरापलीकडे पाहणाऱ्या या औचित्याला संत थॉमस न्यायाचाच एक भाग मानतात. (सेमिनरीत हे शिकताना आमच्या डोळ्यांपुढे दगडच असत.) वाकणारी पट्टी ढिली नसते, उलट ती दगडाला अधिक चिकटून बसते. वेगळे माप म्हणजे सवलत, हा आपला समज म्हणूनच खरा नाही. सवलत देणारा पावलाकडे न पाहताही ती देऊ शकतो. आजीला मात्र ते पाऊल हातात घ्यावेच लागते: लांबी, पावलाचा घेर, पोटरीचा घेर, दोन्ही पायांचे निरनिराळे. लहान पायाला टाके कमी, टाच आखूड. लोकर बुटात जाड होते व टोचते, म्हणून धागा बारीक, सुती. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सगळे मोजायचे, कारण बाळ वाढते.

सुनेचे म्हणणेही तिने ऐकले आहे. रंग एकच, नक्षी एकच. फक्त लहान मोज्याच्या काठाला आतून लाल धाग्याचा एक टाका आहे, रात्री झोपेच्या घाईत मोजे अदलाबदल होऊ नयेत म्हणून.