शिवू नकोस

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत होता. आपल्या पूर्वजांचं सोवळं म्हणजे शास्त्रच होतं. बाहेरून आल्यावर आंघोळ, परक्याला न शिवणं, लांबूनच नमस्कार, हे सगळं आता जग आपल्याकडून शिकतंय, असा त्याचा सूर. पाठवणारे माझे सख्खे मामा. ते वाचून मला राग आला नाही, धास्ती वाटली. कारण त्या महिन्यात माझ्या घरात जे चाललं होतं, ते पाहणाऱ्याला सोवळंच वाटलं असतं. आणि ते शिकत होता माझा सहा वर्षांचा मुलगा.

मी बँकेत कॅशियर आहे. बँका अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळे टाळेबंदीतही शाखा उघडी. बिबवेवाडीतल्या घरापासून शाखेपर्यंत, बांबू आणि पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्ल्या चुकवत, ओळखपत्र दाखवत जायचं आणि दिवसभर लोकांच्या नोटा मोजायच्या. जनधन खात्यांत सरकारने पाचशे रुपये जमा केले तेव्हा बायकांची रांग चुन्याच्या गोलांतून पार रस्त्यापर्यंत गेली होती. पदराच्या गाठीतून, ब्लाउजमधून निघालेली पासबुकं घामाने ओली असत. घरी सासरे सत्तरी ओलांडलेले, मुलगा लहान. दहा वर्षांखालच्यांनी आणि पासष्टच्या पुढच्यांनी घरातच राहावं, असं केंद्र सरकारचं सांगणं होतं. नवरा घरून काम करत होता. म्हणजे आजार आत यायची वाट एकच, ती म्हणजे मी.

दार उघडताच माझा पहिला शब्द असे, "शिवू नकोस!" चप्पल बाहेर, पर्स दाराशी, कपडे थेट साबणाच्या बादलीत, डोक्यावरून आंघोळ, आणि मग मुलाला जवळ घ्यायचं. तोवर तो पॅसेजच्या टोकाला उभा. दुकानांपुढचे गोल त्याने गॅलरीतून पाहिले होते. तसे त्याने खडूने घरातल्या फरशीवर काढले, एक बाबाचा, एक आजोबांचा, एक स्वतःचा. माझा दाराजवळ, बाकीच्यांपासून लांब. मी आले की हात पुढे करून मला माझ्या गोलात उभं राहायला लावायचा.

हा हात मी ओळखत होते. वाईला माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा आम्ही उंबऱ्याशी गेलो की तिचा तळहात असाच पुढे यायचा. तिचं लुगडं वेळूच्या काठीने उंच दांडीवर वाळत पडायचं, ते काठीनेच उतरायचं. पण त्या सोवळ्याचे नियम नीट आठवून बघावेत, म्हणजे मामांना उत्तर मिळतं. लहान भावाला आजीकडे जायचं असलं की आई त्याचे कपडे काढून नागडा सोडायची. नागडं मूल विटाळत नाही, विटाळतो तो त्याच्या अंगावरचा सुती कपडा. आजीची लोकरीची धाबळी महिनोन्‌महिने धुतलेली नसायची, तरी ती सोवळी. सकाळी धुतलेला माझा फ्रॉक मात्र ओवळा. रोगजंतू टाळण्यासाठी हे नियम केले असते तर ते असे असते का? महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, त्याला हरकत नव्हती. पुढे सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं ते त्यात शेण आणि गोमूत्राच्या घागरी ओतून. आरोग्याचा विचार करणारा माणूस प्यायच्या पाण्यात शेण कालवणार नाही. सोवळ्याचा प्रश्न कोण वर आणि कोण खाली एवढाच होता. त्याला शास्त्राचा मुलामा देणं मला अधर्म वाटतो, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

तर हे झालं मामांचं. मुलाचं काय?

कचरा न्यायला मावशी येतात. साथीच्या आधी बादली त्यांच्या हातात द्यायचं काम मुलाचं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता. मार्चनंतर बादली बाहेर ठेवायची आणि दार लोटायचं. मे महिन्यात एकदा मावशी जिन्यात दिसताच तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि मला म्हणाला, "आई, मागे ये, त्या शिवतील." मावशींनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांना ते नवीन नसावं.

मुलाला त्यांची जात माहीत नव्हती. पण अंगाची सवय आधी लागते आणि तिचं कारण माणूस मागाहून शोधतो. आज विषाणूमुळे मागे सरणारं पाऊल उद्या साथ गेल्यावरही मागेच सरलं, तर त्याला कारण पुरवायला आपला समाज तयारच बसलेला आहे. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई यांच्या 'द क्रॅक्ड मिरर' या २०१२ च्या पुस्तकात सरुक्कईंनी स्पर्शाचा फार खोल विचार केला आहे. मला त्यातून कळलं ते असं: मी कुणाला स्पर्श करते तेव्हा मलाही स्पर्श होत असतो, एकाला वगळून दुसरा होतच नाही. म्हणून जो दुसऱ्याला शिवायचं नाकारतो तो आधी स्वतःलाच स्पर्शाच्या बाहेर नेतो, आणि मग आपलं ते अस्पृश्यपण समोरच्याच्या माथी मारतो. पॅसेजच्या टोकाला उभा असलेला माझा मुलगा मला त्या दिवसांत तसा दिसायचा, सगळ्यांपासून तुटलेला.

मग मी त्याला सांगायला लागले की मास्क मावशींसाठी आहे, आजोबांसाठी आहे. आपल्यामुळे कुणी आजारी पडू नये म्हणून आपण लांब उभं राहतो. हे खरंही होतं, कारण घरात बाहेरची हवा मीच आणत होते. दुसऱ्याचा विटाळ मानण्यापेक्षा आपल्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेची काळजी केव्हाही चांगली, असं आपण सहज म्हणतो. पण सहा वर्षांच्या मुलापुढे हे वाक्य ठेवून बघावं. तो हात धुवायला लागला. आजोबांजवळ जाण्याआधी, त्यांच्या पोथीला हात लावण्याआधी, त्यांना पाणी नेण्याआधी. बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळली. रात्री खोबरेल तेल लावताना त्याने मला विचारलं, "माझ्या हातात आत्ता आहे का तो?" पालक म्हणून मला वाटलेला सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे. मुलाला कुठली भीती द्यायची, दुसऱ्याच्या हाताची की स्वतःच्या हाताची? पहिल्या भीतीतून तुच्छता वाढते, हे आपला इतिहास सांगतो. दुसरीतून काय वाढतं ते मी त्या भेगांमध्ये बघत होते. आणि भीतीच देऊ नये म्हणावं, तर आजोबांना दमा होता.

सासरे रोज एकनाथी भागवत वाचतात. नाथांची वाळवंटातली गोष्ट त्यांनीच मुलाला सांगितली. पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत अस्पृश्य मानलेल्या घरचं एक तान्हं मूल रडत होतं, लोक बाजूने जात होते, नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. मुलाने विचारलं, "मग नाथांनी हात धुतले का?"

सासरे थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "धुतलेही असतील. पण आधी उचललं."

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. हात धुण्याला त्यांनी नावं ठेवली नाहीत. त्यांनी फक्त क्रम सांगितला. हात धुणं ही उचलण्याची अट झाली की सोवळं सुरू होतं. मुलाच्या हात धुण्यावर त्याचा लगेच परिणाम झाला असं नाही, पण तो आजोबांना आधी पाणी द्यायला लागला.

याच्याही पुढे एक गोष्ट आहे, आणि ती मला अजून सुटलेली नाही. राज्यात कोरोनासाठी जो कायदा लागू केला, तो १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळचा. त्याच प्लेगात सावित्रीबाई गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी उचलून तिथवर नेलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचा अंत झाला. शाळेत आपण हे त्याग म्हणून शिकतो आणि पुढे जातो. पण तो दवाखाना गावाबाहेर का होता? रोग्याला वस्तीपासून वेगळं ठेवायचं म्हणूनच. म्हणजे अंतर यशवंतरावांनीही पाळलं, पण त्या अंतरापर्यंत मुलाला उचलून कोणीतरी न्यावं लागलं, आणि त्या माणसाचं अंतर शून्य होतं.

मी मुलाला सांगत होते की हा नियम दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणून तो सोवळ्यापेक्षा निराळा आहे. आपण मावशींपासून लांब, मावशी आपल्यापासून लांब. पण आमच्या घरातले वापरलेले मास्क, आजोबांच्या औषधांच्या पट्ट्या, खोकल्याचे टिश्यू हाताने वेगळे कोण करत होतं? सुरुवातीला तर मावशींच्या हातात मोजेही नव्हते. दवाखान्यात चादरी बदलणाऱ्या, स्मशानात नातेवाइकांच्या जागी उभे राहिलेले पालिकेचे कामगार, काउंटरच्या काचेमागे मी, आम्ही शिवत होतो म्हणून बाकीचे न शिवता राहू शकले. आजीचं सोवळंही असंच कुणाच्या तरी ओवळ्यावर उभं होतं. वाड्याच्या मागच्या दारातून डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन जाणारी बाई होती म्हणून पुढच्या दाराचा उंबरा शुद्ध होता. म्हणजे नियम चांगल्या हेतूचा असला तरी त्याचं ओझं पुन्हा त्याच खांद्यांवर आलं. हेतूने फरक पडतो असं मी मानते. पण हेतू मनात असतो, आणि ओझं खांद्यावर.

फरक मग कुठे शोधायचा? मला वाटतं, तो शेवटात आहे. साथीचं अंतर संपावं लागतं. संपलं नाही तर ते साथीचं नव्हतंच.

मुलगा पहिलीच्या वर्गात बसलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लहान वर्ग भरले तेव्हा तो दुसरीत होता, जानेवारीत ते पुन्हा बंद झाले, पुन्हा उघडले. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले, मास्कसुद्धा. त्या आठवड्यात मी बादली मुलाच्या हातात दिली आणि दार उघडं ठेवलं. मावशींनी ती घेताना हात मागे घेतला. दोन वर्षांत त्यांनाही तीच सवय लागली होती. मुलाने बादली खाली ठेवली नाही, धरूनच उभा राहिला, त्यांनी घेईपर्यंत.

आमच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. २०२० च्या पावसाळ्यात एका लिफ्टवर चिकटपट्टीने कागद लावला होता, 'कामगारांसाठी'. निर्बंध उठल्यावर कागद फाटला, आणि त्याच्या जागी ॲक्रिलिकची छान पाटी आली. तिच्यावर साथीचा उल्लेख नाही. ती पाटी काढावी असा विषय मी वार्षिक सभेसाठी लेखी दिला आहे. मूळ कागद ज्या निर्बंधांसाठी लावला होता ते २०२२ मध्येच उठले, एवढंच कारण लिहिलं आहे. समितीतल्या एकांनी विचारलं, कामगारांपैकी कोणाची तक्रार आली आहे का. मी मावशींना आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच बोला ताई. आम्ही बोललो तर काम जाईल." म्हणून अर्जाखाली सही माझी आहे, आणि तिच्याखाली सासऱ्यांची.