दंतोद्भव आणि दोष

सुप्याच्या, म्हणजे आताच्या जोयड्याच्या, रानातील वाडीवर असो वा पुण्याच्या पेठेत, बालकाचा वरचा दात आधी उगवला की मामाच्या जिवाला धोका म्हणून शांती सुचविणारी एखादी आजी भेटतेच. आणि ही धास्ती अर्वाचीन नव्हे, कारण पहिल्या दोन दातांनी माता-पित्यांस इजा करू नये अशी प्रार्थना अथर्ववेदातही आहे. परंतु ज्या दाताचा अंकुर गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच जबड्यात रुजतो आणि ज्याच्या कवचात प्रसूतीची सूक्ष्म रेषा कायमची कोरली जाते, त्याच्या उगवण्याच्या क्रमाबद्दल, संकल्पपूर्वक एकही कर्म न केलेल्या अर्भकावर फिर्याद कोणत्या कायद्याने गुदरावी? संचिताने, असे शास्त्री म्हणतील; मग शिक्षा बिचाऱ्या मामास का?