निकाल नागपूरचा, नोंद गडचिरोलीची

माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपातून प्रा. जी. एन. साईबाबा आणि त्यांचे सहआरोपी 14 ऑक्टोबर 2022 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सुटले, तेव्हा ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ असा एकच गिल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या निकालाला स्थगिती दिली. मुद्दा होता तो बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याच्या 45व्या कलमाचा: खटल्याला लागणारी मंजुरी कायद्याबरहुकूम घेतलेली नव्हती. जणू एखाद्या अर्जावर तिकीट चिकटवायचे राहून गेले होते! ज्या कायद्याखाली जामीन मिळवणेच महाकठीण, तिथे खटला उभा करण्याआधी तपासाबाहेरच्या कुणीतरी पुरावा वाचून पाहावा, ही अट आरोपीच्या वाट्याला आलेले पहिले आणि बऱ्याचदा एकमेव संरक्षण असते. ते काढून घ्या, मग उरेल तो केवळ पोलिसांचा शब्द. पण माझे भांडण असा गिल्ला करणाऱ्यांशी जेवढे आहे तेवढेच त्यांच्या विरोधकांशीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवल्यावर 5 मार्च 2024 रोजी नागपूरच्याच दुसऱ्या पीठाने सगळ्यांना पुन्हा निर्दोष ठरवले, तेही या वेळी पुराव्यात शिरून, तेव्हा पुरोगामी वर्तुळात उच्च न्यायालयाचे गोडवे गायले गेले. गडचिरोलीचे सत्र न्यायालय त्यांना आठवले ते फक्त 7 मार्च 2017 च्या शिक्षेपुरते.

हा उफराटा हिशेब आहे. अपिलात साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही. न्यायमूर्ती वाचतात तो कागद, आणि तो कागद खाली, जिल्ह्याच्या ठिकाणी, उलटतपासात तयार झालेला असतो. जप्तीचा पंच निरक्षर होता, जप्ती संशयातीत सिद्ध झाली नाही, असे नागपूरला म्हणता आले, कारण पंचाला खोदून विचारणारा वकील गडचिरोलीत उभा होता. तिथल्या बचावाचे वकील सुरेंद्र गडलिंग. जून 2018 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात तेच गजाआड गेले. ते मूळ नागपूरचे, तेव्हा हे उदाहरण जिल्ह्यातल्या वकिलीचे कसे, असे कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. वकिलाचे घर कुठे हे मला गौण वाटते. तो तारखेला कुठल्या कोर्टात उभा राहतो, हे महत्त्वाचे. नावाजलेले वकील अपिलात उतरतात, कारण कीर्ती तिथे आहे. तोवर साक्षी झालेल्या असतात, आणि न विचारलेला प्रश्न अपिलात विचारता येत नाही.

याच भूमीतले मथुरा प्रकरण मात्र माझ्या या मांडणीला अडवते. मार्च 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला; तेव्हा गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ती रद्द केली. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी खुले पत्र लिहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. खुले पत्र संमतीच्या विकृत कल्पनेवर तुटून पडले, ते योग्यच. पण त्या काळच्या कायद्यात सोळा वर्षांखालील मुलीच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. डॉक्टरांचा अंदाज होता चौदा ते सोळा. ती सोळाच्या आत असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालय म्हणाले आणि सगळा खटला संमतीच्या दलदलीत जाऊन रुतला. म्हणजे प्रक्रिया दुबळ्याची ढाल असते हे माझे म्हणणे अर्धेच खरे. ज्याच्या बाजूने नेटाने पुरावा उभा केला जातो, ढाल त्याची. तेव्हा आरोपीच्या वकिलाइतकाच सरकारी वकीलही खालच्या कोर्टात कसदार हवा. एरवी तांत्रिक काटेकोरपणा पीडितेलाच टोचतो.

यावर कुणी गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा या गावाकडे बोट दाखवील. तिथल्या ग्रामसभेने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने हाती घेतले. अभ्यासगटात बसून लोकांनी कायदा स्वतः वाचला. वकील हवाच कशाला? उदाहरण मला प्रिय आहे, पण ते दावेदाराचे आहे. दावा करणारे गाव वर्षानुवर्षे अभ्यास करू शकते. अटक झालेल्या माणसाला अभ्यासगटाची सवड मिळत नाही.

त्यात भाषेचा पेच. जिल्हा न्यायालयाचा कारभार मराठीत, भामरागडचा आरोपी माडिया बोलणारा. साक्ष आरोपीला कळत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत ती भर न्यायालयात सांगावी, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 279वे कलम बजावत होते. नव्या संहितेतही ती तरतूद आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील देणारा विधी सेवा कायदाही 1987 चा आहे. पण आरोपीशी बोलताच न येणारा मोफत वकील पंचाला विचारणार तरी काय? म्हणून राज्य विधी सेवा प्राधिकरणाने माडिया आणि गोंडी जाणणारे दुभाषे पगारी नेमावेत, आणि साक्ष आरोपीला कुणी, कोणत्या भाषेत सांगितली हे प्रत्येक तारखेच्या रोजनाम्यात लिहिले जावे. बचावाच्या वकिलांनी त्यासाठी पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्यावा. तो फेटाळला गेला तरी चालेल. नोंद राहील आणि अपिलात ती वाचावीच लागेल.