खडकाची साक्ष आणि भावी वाचक

न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबादजवळ सुमारे ६५५ मीटर खोल, पंचवीस कोटी वर्षांच्या मिठाच्या थरात अण्वस्त्रनिर्मितीतील किरणोत्सारी कचरा १९९९पासून पुरला जात आहे. मीठ टिकले, त्याअर्थी वाहते पाणी तेथवर पोहोचले नाही, एवढी साक्ष भूविज्ञान देते. परंतु त्याच परिसरात पोटॅश, तेल आणि वायूही आहे. म्हणून स्थळपरीक्षेत पुढील दहा हजार वर्षांत तेथे कोण खणेल, हेही विचारावे लागते. हा प्रश्न खडकाचा नसून वाचकाचा आहे.

चिन्हमीमांसक थॉमस सेबिओक यांनी १९८४च्या अहवालात ‘अणु-पुरोहितवर्ग’ सुचविला : ज्ञान मोजक्यांकडे, इतरांसाठी दंतकथा आणि भय. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत जपले. ग्रंथ टिकले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते शतकानुशतके अप्राप्य राहिले. जतन आणि संवाद या भिन्न गोष्टी होत. शिवाय कारण न कळलेले भय टिकत नाही. निषिद्ध जागेचे कुतूहलच वाढते. ज्ञान वगळून केवळ भय सोपविणे म्हणजे भावी माणसाचा निर्णयाधिकार हिरावणे होय. ज्याची संमती घेता येत नाही, त्याला निदान कारण सांगण्याचे बंधन उरतेच.