दळण कोण आणत होतं?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो मजकूर फिरतोच. विटीदांडू, लगोरी, भाड्याची सायकल, चोरलेल्या कैऱ्या, विहिरीतल्या उड्या, दिवेलागणीला घरी परतणं आणि शेवटी ‘आपण शेवटची भाग्यवान पिढी’. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी स्वतः तो दोनदा पुढे ढकलला आहे, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही. गेल्या दिवाळीत तो ताईलाही पाठवला. तिचं उत्तर एका ओळीत आलं : ‘तू हिंडत होतास तेव्हा दळण कोण आणत होतं?’

त्या ओळीचा राग यायला एक दिवस लागला आणि राग जायला बरेच.

आम्ही वाईचे. १९७६च्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो. एका दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाल्यावर आम्ही आळीतल्या तिघांनी मिळून एक सायकल भाड्याने घेतली, तासाला पंचवीस पैसे, आणि मेणवलीला गेलो. एक दांडीवर, एक कॅरिअरवर. चालवणाऱ्याचे पाय सीटवरून पुरत नसत म्हणून तो उभ्यानेच. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर वसईहून आणलेली ती मोठी घंटा आहे. तिच्यावर खडे मारून झाले, कृष्णेत डुंबून झालं. परतताना एका मळ्यातली विहीर दिसली, तिच्यात उड्या मारल्या आणि तिथे माझा गुडघा फुटला. वाटेत बनाव रचला : वाचनालयात होतो, पायऱ्यांवरून पडलो. ओसरीवर पाय ठेवला तर आई हळदीची वाटी घेऊनच बसली होती. म्हणाली, “विहिरीला पाणी किती होतं रे?”

सायकलवाल्याने काकांना सांगितलं होतं की तुमचा धाकटा तीनसीट गेलाय. घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईंनी संध्याकाळी बाजारात आजीला गाठलं होतं. आणि मळ्यावरचा गडी भाजीची पाटी घेऊन आमच्या दारावरून गेला होता. त्याने गुडघ्याचीसुद्धा बातमी दिली होती. मला पाठीत दोन धपाटे आणि जखमेवर हळद, असं दोन्ही मिळालं.

ही गोष्ट मी चाळीस वर्षं स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून सांगत आलो. ताईच्या ओळीनंतर ती पुन्हा मनाशी सांगून पाहिली, तेव्हा तिच्यातली माणसं मोजली. मेणवलीपर्यंत जाऊन यायचं अंतर सहा-सात किलोमीटर. तेवढ्यात तीन मोठ्या माणसांनी आमच्यावर नजर ठेवली होती, आणि तिघांनी आपापली कामं सांभाळून ती खबर घरी पोचवली होती. आम्ही मोकळे होतो ते आईबापांपुरते.

जेन जेकब्ज यांचं ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ १९६१ साली आलं. न्यूयॉर्कमधल्या आपल्या रस्त्याबद्दल त्यांनी लिहिलं आहे, की तिथली सुरक्षितता पोलिसांपेक्षा दुकानदार आणि खिडकीतून बघणारी माणसं सांभाळतात. त्यात एक कुलूपवाला आहे. जेकब्ज बाईंचा मुलगा रस्त्यात धावला म्हणून तो त्याला रागावतो आणि नंतर मुलाच्या वडिलांना जाऊन सांगतो. हा आमचा सायकलवालाच. पोटच्या पोराखेरीज दुसऱ्या पोराची थोडीशी जबाबदारी घ्यायची, तीही पगाराशिवाय, हे मुलं अशा माणसांकडून शिकतात, असं त्या म्हणतात. हे मला पटतं. पण ‘पगाराशिवाय’ या शब्दापाशी ताई उभी आहे.

अकरा वर्षांची होईपर्यंत ती आमच्यात होती. लगोरी माझ्यापेक्षा चांगली फोडायची. नेम असा की समोरचे गडी आधीच मागे सरायचे. मग एका जूनमध्ये फ्रॉक जाऊन परकर-पोलकं आलं आणि तिचा परीघ आखला गेला : घर, शाळा, गिरणी, घर. गिरणीत डबा ठेवून ती पाच मिनिटं मैत्रिणीच्या ओट्यावर टेकली, तर तेही आईला कळायचं. खबर देणारी माणसं तीच, तत्परता तीच. फक्त माझ्या खबरीनंतर हळद निघायची आणि तिच्या खबरीनंतर आईचा आवाज खाली यायचा, शेजारी ऐकू जाऊ नये इतका. मी दुपारी गुल झालो की माझ्या वाटचं काम तिच्याकडे जायचं. आणि दिवसभर ओसरीवर, आडावर, घाटावर ज्यांचे डोळे असत, त्या सगळ्या बायका होत्या. त्या घरी होत्या म्हणून गल्ली पोरांना सुरक्षित होती. त्या घरी का होत्या, हे आपल्या आठवणींच्या मजकुरात कधी येत नाही.

आमच्या वर्गात वेशीपलीकडच्या वस्तीतला एक मुलगा होता. तो मेणवलीला आमच्याबरोबर नव्हता आणि त्याला बोलवायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. आला असता आणि त्याच विहिरीत उतरला असता, तर प्रकरण निरोपावर भागलं नसतं, हे आम्हा चौघांनाही दहाव्या वर्षी नीट माहीत होतं.

‘आम्ही असेच वाढलो, काय झालं आम्हाला?’ हे वाक्य ज्यांना काही झालं नाही तेच बोलू शकतात. आमच्या दोन वर्षं पुढचा एक मुलगा पावसाळ्याच्या तोंडाशी कृष्णेच्या डोहात गेला. शाळेला एक दिवस सुट्टी मिळाली. आम्ही त्या सुट्टीत गोट्या खेळलो. पोहण्याचा विषय निघाला की लोक साने गुरुजींच्या श्यामचा दाखला देतात : विहिरीला भिऊन लपलेल्या मुलाला आईने मारून पोहायला पिटाळलं. पण त्या विहिरीवर पोहायला शिकवणारी जाणती माणसं होती, हे सांगायचं राहून जातं. मुलाला पाण्यात ढकलण्याची हिंमत आईला होती, कारण खाली झेलणारं कोणीतरी होतं.

आजही महाराष्ट्रात अशी हजारो मुलं आहेत जी दिवसदिवस कोणाच्याही देखरेखीविना असतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर राहतात. आईबाप पहाटे अंधारातच कोयता घेऊन निघतात. कोपीपाशी सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी असते. तिच्यावर कोणाचं लक्ष नाही, गृहपाठ नाही, मोबाइल नाही, आणि उघडं रान आहे. भाग्यवान पिढीच्या मजकुरातल्या सगळ्या अटी ती पुऱ्या करते. तिच्या बालपणाला मोकळं म्हणायला मात्र कोणाची जीभ रेटणार नाही. रेटू नयेच. पण मग आपण ज्याला मोकळेपण म्हणतो त्याला घरी तयार असलेलं जेवण, ओसरीवरची आजी आणि दळण आणणारी ताई लागते, हेही मान्य करायला हवं.

हे सगळं लिहून झाल्यावरही काहीतरी गेलंय, ही रुखरुख जात नाही. ती निव्वळ म्हातारपणाची म्हणून झटकूनही टाकता येत नाही. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या मुलांचा हिशेब १९९० साली मांडला होता. सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं १९७१ साली मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात; १९९० साली ९ टक्के. रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या मधल्या काळात घटली होती आणि सरकार ते रस्ते सुरक्षित झाल्याचं लक्षण मानत होतं. हिलमन यांचं म्हणणं उलटं होतं : मुलंच रस्त्यावरून उचलली गेली, म्हणून मरेनाशी झाली. आपल्याकडे असा हिशेब कोणी नीट मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण आकडे आपलेही बोलके आहेत. १९७१ साली देशभरात मिळून नोंदलेली वाहनं सुमारे १९ लाख होती. २०२० साली ती ३२ कोटींच्या पुढे गेली. लगोरी कोणी बंद केली, हे शोधायला मानसशास्त्रात शिरायची गरज नाही. सात ठिकऱ्या रचायला जागा लागते आणि तिथे आता कोणाची तरी स्कूटर उभी असते.

दुसरा हिशेब घरातला. तेव्हा देशात बाईमागे सरासरी पाच मुलं होत. आज महाराष्ट्रात दोनही नाहीत. देशात हजारी १२९ अर्भकं पहिल्या वाढदिवसाआधी जात, २०२० साली २८. पाच पोरांच्या आईला एकाच्या मागे धावणं शक्यच नव्हतं. तिने मोठ्याच्या हवाली धाकटा केला आणि धाकट्याच्या हवाली नशीब. एकुलत्या पोराच्या आईने तसं करावं, असं सांगणाऱ्याने आधी स्वतःचं एकुलतं पोर पाठवून पाहावं.

आणि भीती. ती तेव्हा नव्हती असं सरसकट म्हटलं जातं, पण ते खरं नाही. माझी मावशी सदाशिव पेठेत राहायची. १९७६-७७च्या हिवाळ्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने पुणं असं गारठलं होतं की अंधार पडायच्या आत वाड्याचा दिंडी दरवाजा बंद होई आणि ओळखीच्या हाकेलाही आतून आधी नाव विचारलं जाई. मावसभावाची क्रिकेटची बॅट त्या थंडीत दाराला अडसर म्हणून लावली होती. मार्चमध्ये आरोपी सापडले. मे महिन्यात मी सुट्टीला गेलो तेव्हा बॅट पुन्हा मैदानात होती आणि आम्ही पोरं भल्या सकाळी पर्वती चढून येत होतो, एकटी. भीती आली होती, तिला ठिकाण होतं, कारण होतं. कारण संपल्यावर ती गेली. आता कुठल्याशा राज्यात कुठल्याशा मुलाचं काही झालं की ते दहा मिनिटांत स्वयंपाकघरात ओट्यावर येऊन पडतं. त्याचे आरोपी सापडले की नाही, हे मागाहून कोणी पाठवत नाही. अशी भीती जाणार कशी?

या सगळ्यात आमची पिढी निव्वळ बघ्याच्या भूमिकेत नव्हती. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक पाटी आहे : ‘येथे क्रिकेट, फुटबॉल व अन्य खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे. – सचिव.’ तो सचिव मी. तीन वर्षांपूर्वी एका गाडीच्या काचेला चेंडू लागला, बैठक बसली, ठराव झाला. काच फुटलीही नव्हती. ज्यांची गाडी, तेच गृहस्थ भाग्यवान पिढीचा मजकूर सगळ्यात जास्त उत्साहाने पाठवतात. ‘अन्य खेळ’ हे शब्द कोणाच्या सांगण्यावरून घातले ते आठवत नाही. बहुधा माझेच असतील, कारकुनी सवयीने. त्या दोन शब्दांत लंगडीसुद्धा बसते.

मागच्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला कोथिंबीर आणायला एकटीला खाली पाठवलं. भाजीची गाडी आमच्या फाटकापासून पन्नास पावलांवर, मध्ये एक अरुंद रस्ता. मी गॅलरीत होतो. वॉचमनने तिला रस्ता ओलांडताना पाहिलं, इस्त्रीवाल्याने पाहिलं, समोरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलाने मान वर करून पाहिलं. डोळे सगळे जागेवर होते. मला उगाच मेणवली आठवली.

पोरगी लिफ्टपर्यंत पोचायच्या आत ग्रुपवर तीन मेसेज होते. एकात काळजी, एकात प्रश्नचिन्हं, एकात एका बातमीची लिंक. तिन्ही तिच्या आईला उद्देशून : एकटीला कसं काय पाठवलंत? माझ्या विहिरीच्या वेळी तिघांतल्या एकानेही आईला हे विचारलं नव्हतं. त्यांनी माझी चहाडी केली होती. इथे चहाडी आईची झाली होती, आणि तीही आख्ख्या इमारतीपुढे. बाईंनी ‘सॉरी, यापुढे लक्ष ठेवीन’ असं लिहिलं. मी उत्तर टाइप करायला घेतलं, दोनदा खोडलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पोरगी भाजीवाल्याकडे उरलेले दहा रुपये विसरली होती आणि लिफ्टची वाट न बघता पुन्हा खाली निघाली होती.